मातीच्या चिमटीपासून ग्लिसरॉलच्या कुपीपर्यंत: जिवाणूंचं शुद्ध कल्चर कसं मिळवायचं

सुपीक मातीच्या एका ग्रॅममध्ये जिवाणूंची संख्या सहज काही कोटींच्या घरात जाते, आणि त्यांत असंख्य जाती एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्यातल्या एकाचा अभ्यास करायचा, तो साखर आंबवतो का, नत्र स्थिर करतो का, कुठल्या प्रतिजैविकाला दाद देत नाही हे तपासायचं, तर आधी तो एकटा हाती लागायला हवा. प्रयोगशाळेत वाढवलेल्या अशा एकाच प्रकारच्या जिवाणूंना शुद्ध कल्चर म्हणतात. मिश्र कल्चरवर केलेल्या चाचणीचं उत्तर नेमकं कोणी दिलं हे कळायला मार्ग नसतो. प्रॅक्टिकल घेताना मला पुन्हा पुन्हा एक गोष्ट दिसली आहे. आयसोलेशन, म्हणजे एक जिवाणू वेगळा काढणं, फसलं की विद्यार्थी स्ट्रीकला, म्हणजे प्लेटवर नमुन्याच्या रेघा ओढण्याला, दोष देतात. चूक मात्र बहुतेक वेळा स्ट्रीकच्या आधी झालेली असते, ओल्या प्लेटमुळे (घट्ट माध्यम, म्हणजे जिवाणूंचं खाद्य, भरलेली बशी) किंवा गरम लूपमुळे (टोकाला कडी असलेली तार). नाहीतर नंतर, पहिलीच सुटी कॉलनी (जिवाणूंच्या वाढीचा ठिपका) ‘शुद्ध’ म्हणून वहीत नोंदवून टाकल्यामुळे. त्यामुळे या दोन टोकांवर मी जास्त वेळ थांबणार आहे.

त्याआधी सुरक्षिततेचं. नमुन्यात काय आहे हे माहीत नसतं, म्हणून प्रत्येक कॉलनी रोगकारक असू शकते असं धरूनच वागायचं. अॅप्रन आणि हातमोजे घालायचे, तोंडाने पिपेट ओढायची नाही, प्लेट उघडून वास घ्यायचा नाही. रुग्णाच्या नमुन्यांवरचं काम त्यासाठी सज्ज असलेल्या प्रयोगशाळेत, जाणकारांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. वापरलेल्या प्लेट ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केल्याशिवाय) कचऱ्यात जाता कामा नयेत. आणि अल्कोहोलचं बीकर पेटत्या बर्नरपासून लांब ठेवायचं. जिवाणूशास्त्राच्या प्रयोगशाळेत भाजण्याचा धोका इथे असतो.

माध्यम आणि प्लेट

शुद्ध कल्चरची सगळी युक्ती घट्ट पृष्ठभागावर उभी आहे. द्रवात जिवाणू एकमेकांत मिसळत राहतात. घट्ट पृष्ठभागावर मात्र जो जिथे पडला तिथेच वाढतो, आणि त्याची प्रजा त्याच्याभोवती ठिपक्यासारखी साचते. तीच कॉलनी. घट्ट माध्यम नसताना जोसेफ लिस्टर यांनी १८७८ मध्ये दुधाला आंबवणारा जिवाणू केवळ विरलनाच्या जोरावर वेगळा केला होता. द्रव इतका पातळ करत न्यायचा की शेवटच्या थेंबात सरासरी एखादाच जिवाणू उरावा, असं ते काम होतं. रॉबर्ट कॉख यांनी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर आणि मग जिलेटिनवर जिवाणू वाढवले. पण जिलेटिन ३७ अंश सेल्सिअसला टिकत नाही, वितळतं. शिवाय कित्येक जिवाणू ते पचवून पातळ करतात. यावर तोडगा सुचवला कॉख यांचे सहकारी वॉल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी. स्वयंपाकघरात जेली घट्ट करायला वापरला जाणारा अगार त्यांनी पुढे केला. अगार वितळायला उकळत्या पाण्याच्या जवळपास तापमान लागतं, पण एकदा वितळला की तो ४० अंशांच्या खाली येईपर्यंत पातळ राहतो, आणि फारच थोड्या जिवाणूंना तो पचतो. १८८७ मध्ये ज्युलियस पेट्री यांनी झाकणाची काचेची बशी आणली. अगार आणि बशी, आपण आजही याच दोन गोष्टी वापरतो.

न्यूट्रियंट अगारचं नेहमीचं प्रमाण असं: १ लिटर पाण्यात पेप्टोन ५ ग्रॅम, बीफ एक्स्ट्रॅक्ट ३ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, अगार १५ ग्रॅम, पीएच ७ च्या आसपास. १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाला १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करा. मोठ्या फ्लास्कमधला मीडिया (माध्यम) आतपर्यंत तापायला जास्त वेळ घेतो, म्हणून एकाच भांड्यात लिटरभर भरण्याऐवजी दोन-तीन लहान फ्लास्क करावेत. फ्लास्क दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, नाहीतर उतू जातो.

ऑटोक्लेव्हमधून काढल्यावर घाई करू नका. मीडिया ४५ ते ५० अंशांपर्यंत थंड झाला की मग ओता. त्याहून गरम ओतला तर झाकणाला वाफेचे थेंब धरतात, आणि तेच थेंब पुढे अगारवर पडून सुट्या कॉलन्यांचा चिखल करतात. ९० मिलिमीटरच्या प्लेटला १५ ते २० मिलिलिटर पुरतात. पातळ ओतलेली प्लेट इन्क्युबेटरमध्ये (ठरावीक तापमान राखणाऱ्या पेटीत) सुकून तडकते, विशेषतः काही दिवस ठेवावी लागली तर.

आता ज्या पायरीला बहुतेक जण फाटा देतात ती: प्लेट सुकवणं. घट्ट झालेल्या प्लेट उलट्या करून, झाकण किंचित तिरकं ठेवून, स्वच्छ जागी किंवा लॅमिनार फ्लोमध्ये (गाळलेली हवा वाहणाऱ्या कपाटात) अर्धा तास ठेवा. किंवा झाकण लावून, उलट्या, रात्रभर खोलीच्या तापमानाला ठेवा. पृष्ठभागावर पाण्याचा पातळसा थर जरी राहिला तरी चलनशील जिवाणू त्यात पोहत सुटतात आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला ठिपक्यांऐवजी एकसलग पडदा दिसतो. प्रत्येक घाण्यातल्या दोन प्लेट काहीही न लावता २४ तास इन्क्युबेट करा. त्यांवर काही उगवलं तर सगळा घाणा टाकून द्या. त्या दिवशी जीव हळहळतो, पण अशा प्लेटवर आठवडाभर काम करून मग तो आठवडा वाया जाणं फार वाईट.

नमुना आणि विरलन

१० ग्रॅम माती ९० मिलिलिटर निर्जंतुक सलाइनमध्ये, म्हणजे ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात घाला आणि १५-२० मिनिटं चांगली हलवा. जिवाणू मातीच्या कणांना चिकटून असतात. हलवण्यात कंजुषी केली तर पुढे एका कणावरचे चार प्रकार एकाच कॉलनीत सापडतात. हे झालं एक दशांश विरलन. त्यातलं १ मिलिलिटर ९ मिलिलिटर सलाइनच्या नळीत टाका, व्होर्टेक्सवर (नळी वेगाने ढवळणाऱ्या यंत्रावर) फिरवा, झालं शतांश. असं करत एक दशलक्षांशापर्यंत जा. प्रत्येक पायरीला नवी पिपेट घ्या. तीच पिपेट पुढे नेली तर तिच्या आतल्या भिंतीला चिकटलेले आधीच्या दाट नळीतले जिवाणू पुढच्या नळीत उतरतात, आणि सगळी गणितं चुकतात.

शेवटच्या तीन विरलनांतून प्रत्येकी ०.१ मिलिलिटर प्लेटच्या मध्यावर सोडा. काचेचा वाकवलेला स्प्रेडर अल्कोहोलमध्ये बुडवा, ज्योतीतून नेऊन अल्कोहोल जळू द्या, झाकणाच्या आतल्या बाजूला टेकवून थंड करा आणि प्लेट फिरवत द्रव सगळीकडे पसरवा. द्रव अगारमध्ये मुरल्यावर प्लेट उलटी करा. साधारण ३० ते ३०० कॉलन्या आलेली प्लेट मोजण्याजोगी. समजा एक लक्षांशाच्या प्लेटवर ६२ कॉलन्या आल्या. ०.१ मिलिलिटर घेतलं होतं म्हणून १० ने गुणा, विरलन म्हणून १,००,००० ने गुणा: ग्रॅममागे ६ कोटी २० लाख. वेगळं काढण्यासाठी मात्र मी ३० पेक्षाही कमी कॉलन्या असलेली प्लेट पसंत करतो. गर्दी जितकी विरळ, तितका शेजाऱ्याचा संसर्ग कमी.

पोर प्लेटमध्ये नमुना ४५ अंशांच्या पातळ अगारमध्ये मिसळून ओततात. मोजणीला ती पद्धत चांगली, आयसोलेशनला गैरसोयीची. आत दबलेल्या कॉलन्या बारीक, भिंगासारख्या दिसतात, त्यांचा खरा आकार-रंग कळत नाही, आणि उकरून काढताना वरच्या कॉलन्यांना धक्का लागतो.

हवा तो जिवाणू आधी वाढवून घेणं

तुम्हाला हवा असलेला जिवाणू नमुन्यात दहा हजारांत एक असेल तर साध्या प्लेटवर तो सापडणं अवघड. तेव्हा परिस्थितीच अशी करायची की तोच पुढे येईल. मार्टिनस बायरिंक आणि सर्गेई विनोग्राडस्की यांनी याच विचारावर मातीतले अनेक जिवाणू हाताशी आणले. बॅसिलस हवा असेल तर मातीचं पाणी ८० अंशांवर १० मिनिटं ठेवा; त्याचे टणक, सुप्त बीजाणू वाचतात, बाकीचे बहुतेक जिवाणू मरतात. अॅझोटोबॅक्टर हवा असेल तर नत्र अजिबात नसलेलं मॅनिटॉलचं माध्यम वापरा. हवेतला नत्र ओढणारेच त्यात जोमाने वाढतात. स्टॅफिलोकोकससाठी ७.५ टक्के मीठ असलेला मॅनिटॉल सॉल्ट अगार असतो. मॅकॉन्की अगारमधले पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट ग्राम पॉझिटिव्ह (ग्राम स्टेन या रंगचाचणीत जांभळे दिसणाऱ्या) जिवाणूंना आवरतात, आणि लॅक्टोज आंबवणाऱ्या कॉलन्या गुलाबी होतात.

द्रव माध्यमात एनरिचमेंट, म्हणजे हवा तो जिवाणू असा आधी वाढवून घेणं, करताना ती फार लांबवू नका. जो सर्वांत वेगाने वाढतो तो बाकीच्यांना मागे सारतो, आणि तुम्हाला हवा असलेला तोच असेल असं नाही. माझ्या अनुभवात पहिल्या वाढीनंतर एकदा आणि दोन-तीन ट्रान्सफरनंतर (थोडं कल्चर ताज्या माध्यमात हलवल्यावर) पुन्हा, असं दोन्ही वेळा प्लेटवर लावून पाहिलं की जे दिसतं त्यात बराच फरक असतो.

रायझोबियमची गोष्ट वेगळी, कारण तिथे झाडानेच एनरिचमेंट केलेली असते. शेंगवर्गीय रोपाच्या मुळावरची टपोरी गाठ घ्या. कापल्यावर आत गुलाबी दिसणाऱ्या गाठी कामाच्या. गाठ धुवा, ९५ टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये दोन-तीन मिनिटं ठेवा, आणि निर्जंतुक पाण्याने पाच-सहा वेळा धुवा. चिरडण्याआधी ती अख्खी गाठ एका प्लेटवर फिरवून घ्या. या प्लेटवर काही उगवलं तर बाहेरचा पृष्ठभाग निर्जंतुक झालाच नव्हता, आणि आतून काय निघालं यावर विश्वास ठेवता येत नाही. मग गाठ थेंबभर पाण्यात चिरडून काँगो रेड घातलेल्या यीस्ट एक्स्ट्रॅक्ट मॅनिटॉल अगारवर २८ अंशांना लावा. रायझोबियम हा रंग फारसा ओढत नाही, पांढरट, चिकट राहतो. इतर अनेक जिवाणू लालसर होतात. जलद वाढणारे तीन ते पाच दिवसांत दिसतात, ब्रॅडीरायझोबियमला आठवडा किंवा जास्त लागतो. दुसऱ्या दिवशी भरभरून आलेली कॉलनी इथे संशयास्पद समजावी.

स्ट्रीक

लूप घ्या. तार बर्नरच्या ज्योतीत उभी धरा आणि टोकापासून मुठीपर्यंत पूर्ण लाल होऊ द्या. लूपला नमुना चिकटलेला असेल तर आधी ज्योतीच्या आतल्या, कमी गरम भागात हळूहळू सुकवा. एकदम तापवला तर थेंब उडतात आणि जिवंत जिवाणू टेबलभर पसरतात. आता थांबा. दहा-पंधरा सेकंद लूप हवेत स्थिर धरा, मग अगारच्या कडेला रिकाम्या जागी टेकवा. चर्र आवाज आला तर तो अजून गरम आहे. गरम लूपने कॉलनी उचलली की जिवाणू मरतात, आणि विद्यार्थी म्हणतो, ‘सर, वाढलंच नाही.’

प्लेटचे मनातल्या मनात चार भाग करा. पहिल्या भागात नमुना दाट रेघांनी पसरवा. लूप लाल करा, थंड करा. प्लेट पाव फिरवा, पहिल्या भागाच्या कडेतून दोन-तीन वेळा लूप ओढून दुसऱ्या भागात रेघा काढा. पुन्हा लाल, पुन्हा थंड. दुसऱ्यातून तिसऱ्यात तसंच. चौथ्या भागात तिसऱ्यातून एकदाच ओढा आणि मोकळ्या, लांब अंतराच्या नागमोडी रेघेने मध्यापर्यंत या. ही रेघ पहिल्या भागाला लागता कामा नये. कॉलन्या सुट्या न येण्याचं एक ठरलेलं कारण तेच असतं. दुसरं कारण, मधे लूप लाल न करणं. प्लास्टिकचा लूप असेल तर तापवायचा प्रश्न नाही, पण प्रत्येक भागाला नवा लूप घ्यायचा.

लूप अगारला जवळजवळ समांतर धरा. पेन्सिलीसारखा उभा धरला तर तो रुततो, आणि चरात वाढलेल्या कॉलन्या वेगळ्या उचलता येत नाहीत. झाकण पूर्ण उचलून बाजूला ठेवू नका. एका बाजूने, हात जाईल इतकंच उघडा. नाव, तारीख, माध्यम प्लेटच्या तळावर लिहा. झाकणावर लिहिलेलं नाव झाकणं बदलली की दुसऱ्याच प्लेटचं होतं.

प्लेट उलटी ठेवून मातीच्या जिवाणूंसाठी २८ ते ३० अंश, माणसाच्या शरीरावरच्या जिवाणूंसाठी ३७ अंश. २४ तासांनी बघा, पण त्यावर निकाल देऊ नका; संथ वाढणाऱ्यांना ४८ तास किंवा जास्त द्या. मातीतले अॅक्टिनोमायसिटीस तर सात ते चौदा दिवसांनी खडूसारख्या कोरड्या, अगारला घट्ट रुतलेल्या कॉलन्या दाखवतात. प्लेट लवकर फेकली तर ते तुम्हाला कधी भेटतच नाहीत.

काही जिवाणू प्लेटभर पसरतात. प्रोटियस लाटांसारखा सरकतो. अगारचं प्रमाण ३-४ टक्क्यांपर्यंत वाढवलं किंवा मॅकॉन्कीवर लावलं तर तो आवरतो. मातीतला बॅसिलस मायकॉइडिस मुळांसारखे फाटे काढत दोन दिवसांत सगळ्यांना झाकतो. अशा प्लेटवरच्या इतर कॉलन्या तो पोहोचायच्या आत, लवकर उचलाव्यात.

सुटी कॉलनी म्हणजे शुद्ध कल्चर असतं का?

इथे माझं सगळ्यांत कळकळीचं सांगणं आहे. सुटी दिसणारी कॉलनी एकाच पेशीपासून वाढली असं आपण गृहीत धरतो. पण स्टॅफिलोकोकस घोसात राहतो, स्ट्रेप्टोकोकस साखळीत, आणि मातीच्या कणावर वेगवेगळ्या जातींचे जिवाणू एकमेकांना चिकटून असतात. म्हणूनच मोजणीत आपण ‘इतके जिवाणू’ न म्हणता ‘कॉलनी फॉर्मिंग युनिट’ म्हणतो. चिकट, बुळबुळीत कॉलनीच्या थरात दुसरे जिवाणू अडकून राहतात.

सिलेक्टिव्ह (ठरावीक जिवाणूंनाच वाढू देणाऱ्या) माध्यमावरची कॉलनी तर सर्वांत फसवी. माध्यमातली रसायनं बऱ्याच जिवाणूंना मारत नाहीत, फक्त वाढू देत नाहीत. मॅकॉन्कीवरच्या सुंदर गुलाबी कॉलनीच्या खाली असे दबून बसलेले जिवाणू जिवंत असू शकतात. ती उचलून ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) टाकली की ते मोकळे होतात, आणि ब्रॉथ गढूळ झाला म्हणून आपण खूश होतो. म्हणून सिलेक्टिव्ह प्लेटवरून उचललेली कॉलनी कधीही थेट ब्रॉथमध्ये टाकू नका. आधी न्यूट्रियंट अगारसारख्या साध्या माध्यमावर स्ट्रीक करा.

माझी पद्धत अशी. सुट्या कॉलनीच्या मध्याला लूपच्या टोकाने फक्त स्पर्श करा, अख्खी कॉलनी खरवडू नका. ते टोक १ मिलिलिटर सलाइनमध्ये ढवळा, व्होर्टेक्स करा म्हणजे घोस सुटतील, आणि त्यातून नव्या प्लेटवर स्ट्रीक करा. असं लागोपाठ तीन वेळा. प्रत्येक वेळी सगळ्या कॉलन्यांची कडा, उंची, पारदर्शकता, रंग आणि लूपला लागणारा पोत वहीत नोंदवा. तिरप्या उजेडात बघा. वरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन कॉलन्या तिरप्या उजेडात बऱ्याचदा वेगळ्या निघतात.

मग १८ ते २४ तासांच्या ताज्या वाढीचं ग्राम स्टेन करा. जुन्या वाढीचं केलं तर बॅसिलससारखे ग्राम पॉझिटिव्ह जिवाणूही गुलाबी दिसतात आणि शुद्ध कल्चर मिश्र वाटतं. उलटा धोकाही आहे: आर्थ्रोबॅक्टर हा मातीतला नेहमीचा जिवाणू वाढताना दंडाकार असतो आणि वाढ थांबल्यावर गोलाकार होतो. त्याला मिश्र म्हणून फेकून देणारे मी पाहिले आहेत. सेराशिया मार्सेसेन्स २८ अंशांना लाल तर ३७ अंशांना अनेकदा पांढरा असतो. दोन प्लेटवर दोन रंग दिसले तर आधी तापमान तपासा. एकाच प्लेटवर दोन प्रकारच्या कॉलन्या पुन्हा पुन्हा येत असतील तर दोन्ही वेगवेगळ्या स्ट्रीक करा. प्रत्येकीतून फक्त तिच्यासारखीच प्रजा आली आणि स्टेनही वेगळं निघालं, तर ते दोन जिवाणू होते. तरीही शंका राहिली तर दोघांच्या सुमारे १,५०० बेसच्या १६एस आरआरएनए या, जिवाणूंची ओळख पटवायला वापरल्या जाणाऱ्या जनुकाचं सिक्वेन्सिंग करा.

ऑक्सिजन न चालणाऱ्यांसाठी

काटेकोर अनएरोब जिवाणूंना ऑक्सिजन सहन होत नाही. त्यांच्यासाठी गॅसपॅकसारखा, आतला ऑक्सिजन काढून टाकणारा बंद जार किंवा अनएरोबिक चेंबर लागतो, आणि माध्यमात रेसाझुरिन घालतात: ते गुलाबी दिसलं तर ऑक्सिजन शिल्लक आहे. फार संवेदनशील जिवाणूंसाठी रॉबर्ट हंगेट यांनी रोल ट्यूब पद्धत आणली. बंद नळीच्या आतल्या भिंतीवर अगारचा थर फिरवून, ऑक्सिजनविरहित वायूखाली सगळं काम होतं. जारमधल्या प्लेटवरची कॉलनी खरोखर अनएरोब आहे का हे कळण्यासाठी तीच कॉलनी दुसऱ्या प्लेटवर हवेतही वाढवून बघा. जारमध्ये वाढणारे कित्येक जिवाणू हवेतही मजेत वाढतात.

जपून ठेवणं

तिसऱ्या स्ट्रीकनंतर थांबून लगेच स्टॉक करा. रोजच्या वापरासाठी स्लँट (नळीत तिरकं घट्ट केलेल्या अगारवरचं कल्चर), ४ अंशांवर, साधारण महिन्याने नवा. पण फक्त स्लँटवर विसंबू नका. दर ट्रान्सफरला कंटॅमिनेशनची आणि कल्चर बदलण्याची शक्यता वाढते. ताज्या ब्रॉथमध्ये निर्जंतुक ग्लिसरॉल मिसळून शेवटचं प्रमाण १५ ते २० टक्के होईल असं बघा, लहान कुप्यांत भरा आणि उणे ८० अंशांवर ठेवा. एका कल्चरच्या किमान तीन-चार कुप्या करा, म्हणजे वारंवार वितळवाव्या लागणार नाहीत. कुपीवर क्रमांक, तारीख, माध्यम आणि कितवी ट्रान्सफर हे लिहा.

कुप्या गोठवल्यावर दोन-तीन दिवसांनी एक काढून साध्या माध्यमावर स्ट्रीक करा, आणि त्या कॉलन्या वहीतल्या तिसऱ्या स्ट्रीकच्या नोंदीशी जुळवून बघा. जुळल्या नाहीत तर बाकीच्या कुप्या वापरू नका. तिसऱ्या स्ट्रीकची प्लेट तोवर फ्रिजमध्ये ठेवलेली असेल, तिच्यावरून पुन्हा सुरुवात करा.